कारागिरांच्या वस्तूंचे घर : मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय
(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

वस्तुसंग्रहालयाला आपल्याकडे पूर्वी 'अजबखाना' म्हणत. जे रोज दिसत नाही, जे पाहून तोंडात बोट घालावे, ते ठेवण्याची जागा म्हणजे अजबखाना. परंतु जगात अशीही काही संग्रहालये आहेत की ज्यांत ठेवलेल्या वस्तू मुळात अजब नसतात. पाण्याचा तांब्या, पानाचा डबा, शाल, अडकित्ता, हुक्क्याचे भांडे, लाकडी पेटी अशा त्या घरच्याच वस्तू असतात. त्या वापरण्यासाठी केल्या गेल्या, पण करणाऱ्याने त्या नुसत्या उपयोगापुरत्या केल्या नाहीत. तांब्याच्या गळ्यावर वेल काढल्याने पाणी अधिक गार होत नाही, तरी ती वेल काढली गेली. उपयोग आणि शोभा यांचा जिथे असा मेळ बसतो, त्या कलेला आलंकारिक कला म्हणतात. प्रस्तुत लेखात अशा कलेसाठी उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातील एका जुन्या संग्रहालयाचा इतिहास आणि त्याच्या इमारतीचा विस्तार यांचा परिचय करून द्यावयाचा आहे. हे संग्रहालय म्हणजे मुंबईतील भायखळ्याचे, राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय होय.

हा विषय सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. येथे एवढेच सांगते की, या संग्रहालयाच्या जन्माच्या कथेत कापूस आहे, कापड आहे आणि कारागीर आहे; आणि या तीन गोष्टींवाचून आपल्या शहराचा इतिहास लिहिता येणार नाही.

कल्पनेचा उगम

या कथेचा आरंभ लंडनमध्ये होतो. १८५१ साली तेथील हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांच्या एका प्रचंड मंडपात जगातील उद्योगधंद्यांचे महाप्रदर्शन भरले. जोसेफ पॅक्स्टन याने रचलेला हा मंडप 'क्रिस्टल पॅलेस' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रदर्शनात हिंदुस्थानचे दालन होते आणि तेथील शाली, मलमल, धातुकाम व कोरीवकाम पाहून इंग्लंडमधील जाणती माणसे विचारात पडली. यंत्राने माल झपाट्याने निघत होता, पण त्यात सौष्ठव नव्हते. आणि हाताने केलेल्या हिंदी वस्तूंत ते सहज दिसत होते. आपल्या कारखानदारांना आणि कारागिरांना चांगले नमुने सतत पाहायला मिळावेत, या हेतूने लंडनमध्ये १८५७ साली साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उघडले. १८९९ साली त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची नावे मिळाली.

याच सुमारास मुंबईतही हालचाल सुरू झाली. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनासाठी मुंबई सरकारने इलाख्यातील नमुने गोळा केले होते. त्यांच्या जोडीने येथेच एक संग्रह ठेवावा असे ठरले आणि कोटातील टाउन बरॅक्समध्ये एक मध्यवर्ती संग्रहालय आकाराला आले. नैसर्गिक इतिहास, अर्थव्यवहार, भूगर्भ, उद्योग आणि कला असे सगळे विषय त्याच्या नावातच होते. वृत्तपत्रकार डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे त्याची व्यवस्था होती. पण हे घर भाड्याच्या बिऱ्हाडासारखेच ठरले. १८५७ चा उठाव झाला, पलटणींसाठी बरॅक्सची जागा हवी झाली आणि संग्रहालयाला घाईघाईने बाहेर पडावे लागले. या धांदलीत कितीतरी वस्तूंची नासधूस झाली. वाचलेला संग्रह टाउन हॉलमध्ये नेण्यात आला. संग्रहालयाला स्वतःची वास्तू का लागते, याचा हा पहिला धडा मुंबईला मिळाला.

येथे एक कडू गोष्टही नोंदवली पाहिजे. हिंदी कलेविषयीचे हे कौतुक निर्मळ नव्हते. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन याने हिंदुस्थानातील कापडांच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यात खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवले होते आणि कोणते वस्त्र कसे नेसतात, त्याची लांबी-रुंदी किती असते, हेही लिहिले होते. अशा २० प्रती काढण्यात आल्या. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये वाटल्या व ७ हिंदुस्थानात ठेवल्या. इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना येथील गिऱ्हाइकाची आवड कळावी आणि तसा माल त्यांना काढता यावा, हा त्यामागील उघड हेतू होता. म्हणजे विणकराचे कसब जपण्यासाठी आणि त्याच्या पोटावर पाय आणण्यासाठी एकच नमुना उपयोगी पडत होता. त्या काळातील प्रत्येक औद्योगिक संग्रहालयाकडे पाहताना ही दुहेरी बाजू ध्यानात ठेवली पाहिजे.

नागरिकांचा पुढाकार

मुंबईच्या संग्रहालयाची कथा मात्र केवळ सरकारी राहिली नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय. १८५८ मध्ये डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे संग्रहाची व्यवस्था आली. नवी वास्तू लोकवर्गणीतून उभारावी ही कल्पना त्यांनी उचलून धरली आणि मुंबईतील एतद्देशीय पुढारी तिच्या पाठीशी उभे राहिले. त्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) आणि डॉ. भाऊ दाजी ही दोन नावे अग्रभागी होती.

डॉ. भाऊंचे चरित्र आपण विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोमंतकातील मांद्र्याचा. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते एक होते. वैद्यकीचा व्याप सांभाळून त्यांनी शिलालेख वाचले, प्राचीन नाणी अभ्यासली आणि संस्कृत विद्येच्या संशोधनात नाव मिळवले. कुष्ठरोगावर त्यांनी औषध शोधण्याचे प्रयत्न केले. स्त्रीशिक्षणाला हातभार लावला. दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वैद्य, संशोधक आणि सार्वजनिक कार्यकर्ता या तिन्ही नात्यांनी वावरणाऱ्या या माणसाला संग्रहालय हे शहराच्या शिक्षणाचेच एक साधन वाटले, यात नवल नाही.

१८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तो काळ मुंबईच्या भरभराटीचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते (१८६१–१८६५). तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच १८६५ साली भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, कालचे धनाढ्य दिवाळखोर झाले. वर्गणीचा ओघ आटला आणि इमारतीचे काम रेंगाळले. शेवटी सरकारने भार उचलला आणि १८७२ च्या मे महिन्यात संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंत जवळजवळ दहा वर्षे लागली. कापसाच्या तेजीत सुरू झालेली आणि कापसाच्या मंदीत अडकलेली ही इमारत आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७७ मध्ये, आपल्या सोलापुरात 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी पहिली कापड गिरणी निघाली, हेही सोबत लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वास्तूचे स्वरूप

इमारतीचा पहिला आराखडा विल्यम ट्रेसी यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने काम पुढे नेले. बाहेरून पाहता ही इमारत शांत व प्रमाणबद्ध वाटते. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुशिल्पी पालाडिओ याच्या पद्धतीवर तिची रचना आहे. दर्शनी भाग सममित आहे आणि कोठेही भडकपणा नाही. व्हिक्टोरिया टर्मिनससारखी शिखरांची व पुतळ्यांची गर्दी येथे नाही.

आत शिरताच मात्र दृश्य पालटते. मध्यभागी दोन मजले उंच असे मोकळे दालन आणि त्याभोवती वरच्या मजल्याचा सज्जा. या सज्जाला तोललेले आहे ते ओतीव लोखंडाच्या नक्षीदार खांबांनी. कठडे लोखंडाचे, जिन्याची नक्षी लोखंडाची. पायाखाली इंग्लंडमधील मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या. छतावर रंगीत वेलबुट्टी आणि सोनेरी मुलामा. समोर राजपुत्र अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा. तो मुंबईचे दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांनी दिलेला आहे. लोखंड ही तेव्हाची नवी सामग्री होती. गिरण्या आणि रेल्वे स्थानके तिच्याच आधाराने उभी राहत होती. उद्योग आणि कला यांच्या संग्रहालयासाठी हीच सामग्री निवडावी आणि तिलाही दागिन्यासारखे घडवावे, यात मला मोठे औचित्य दिसते. येथे प्रदर्शनातल्या वस्तूंसारखी इमारतही आलंकारिक कलेचाच एक नमुना ठरते.

अंगणात ठेवलेला दगडी हत्ती पाहिल्यावाचून परतू नये. घारापुरी बेटावरील याच हत्तीमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. पुढे तो इंग्लंडला हलवण्याच्या खटपटीत आणखी फुटला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. देशाबाहेर निघालेला एक ठेवा तुकड्यातुकड्यांनी का होईना, येथे राहिला.

संग्रहातील वस्तू

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या अभ्याससहलीत मला हे संग्रहालय पाहता आले. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून आम्ही चालतच गेलो. राणीच्या बागेच्या दारात मोठी झुंबड होती. पण ती सारी पेंग्विन पाहायला आलेली. संग्रहालयात त्यामानाने निवांतपणा होता आणि त्याचा आम्हांला फायदाच झाला.

तळमजल्यावर औद्योगिक कलांच्या वस्तू आहेत. चांदी, तांबे व पितळ यांची भांडी, हस्तिदंत, शिंग आणि चंदन यांतील कोरीव काम, लाखकाम आणि मातीची चकचकीत भांडी हे सारे येथे मांडलेले आहे. यांतील मातीच्या भांड्यांमागे मुंबईच्या कलाशाळेचा, म्हणजे १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेचा, वारसा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या शाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच संग्रहालयाचीही व्यवस्था पाहत. त्यामुळे शिकवणे आणि संग्रह करणे ही दोन्ही कामे एकमेकांच्या जवळ आली.

मी अधिक वेळ थांबले ती बिदरी कामापाशी. बिदर आपल्या सोलापूरपासून लांब नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर छिन्नीने नक्षी खोदतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती नवसागराबरोबर उकळून त्या पाण्याने भांडे काळे करतात. गंमत अशी की, धातू काळा होतो, पण चांदी तशीच शुभ्र राहते. रसायनशास्त्राची ही गोष्ट कारागिरांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होती.

वरच्या मजल्यावर मुंबई शहराचा इतिहास आहे. जुने नकाशे, चित्रे, देखाव्यांचे लहान नमुने आणि मातीच्या लहान मूर्तींची मोठी मालिका येथे आहे. नाना जातीजमातींची, नाना धंद्यांची माणसे त्यांच्या पोशाखासह मातीत घडवलेली आहेत. पगडी कोणाची कशी, पागोटे कोणाचे कसे, हे या मूर्तींवरून कळते. राज्यकर्त्यांना प्रजेची वर्गवारी करून ठेवण्याची हौस होती आणि या मूर्ती त्याच हौसेतून निघाल्या, हे खरे. पण ज्या हातांनी त्या घडवल्या, त्या हातांना ती माणसे ओळखीची होती. म्हणूनच त्यांच्या चेहऱ्यांवर कंटाळा, मिस्कीलपणा आणि थकवा हे भाव उतरले असावेत, असे मला वाटते.

नामांतर, पडझड आणि जीर्णोद्धार

उद्घाटनानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ हे 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'च होते. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ज्याने वर्गणीसाठी दारे झिजवली, त्याचे नाव पाटीवर यायला अशी १०३ वर्षे लागली.

नाव बदलले तरी इमारतीची प्रकृती खालावत होती. गळती, ओल आणि मूळ नक्षीवर चढलेले रंगाचे थर यांमुळे तिचे रूप झाकून गेले होते. २००३ च्या फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिका, 'इंटॅक' ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि जीर्णोद्धाराला हात घातला गेला. वास्तुसंवर्धनाचे काम विकास दिलावरी यांनी पाहिले. तस्नीम झकारिया मेहता यांनी या प्रकल्पाचे नेतृत्व केले. इमारतीबरोबर वस्तूंचीही स्वच्छता व डागडुजी झाली. रंगाचे थर उतरवून खालची मूळ नक्षी शोधण्यात आली. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुले झाले. त्यानंतर मागील आवारातील जुन्या बांधकामांतही तात्पुरती प्रदर्शने, व्याख्याने व कार्यशाळा यांसाठी जागा करण्यात आली.

नव्या दालनाची कल्पना

तरीही एकोणिसाव्या शतकातील एका दालनात आजच्या संग्रहालयाची सगळी कामे मावत नाहीत. मोठी प्रदर्शने, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वस्तूंचे कोठार यांना जागा लागते. म्हणून उत्तरेच्या बाजूला नवे दालन बांधण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. अंतिम फेरीतील आठ आराखड्यांतून २०१४ साली अमेरिकन वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांच्या आराखड्याची निवड झाली. सुमारे सव्वा लाख चौरस फुटांची ही कल्पना आहे. भर घालायची ती कोरून, असे तिचे सूत्र आहे. पांढऱ्या काँक्रीटच्या साध्या ठोकळ्यातून भेगा कोरून काढायच्या आणि त्यांतून दिवसाचा प्रकाश आत सोडायचा. खाली पाण्याचे कुंड. त्याची प्रेरणा आपल्याकडील पायऱ्यांच्या विहिरींची. कुंडातच सूर्यप्रकाशापासून वीज करणारी योजना.

जुन्या इमारतीची नक्कल न करता तिच्याशी बोलणारी नवी इमारत कशी योजावी, याचे हे चांगले उदाहरण आहे. जुन्या दालनात लोखंडावर नक्षी आहे. नव्या कल्पनेत नक्षीचे काम उजेडावर सोपवले आहे. मात्र अशा आराखड्यांबाबत एक शंका मनात येते. विस्तार हा नुसता चौरस फुटांचा असून चालत नाही. आत कोण येणार आणि कोणाची वस्तू मांडली जाणार, याचाही विस्तार झाला पाहिजे.

या संदर्भात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये असे गोळा करायला आरंभ केला. बालपणीच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. एका घरातून सुरू झालेला हा संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यात उभे राहिले. मुंबईचे संग्रहालय प्रदर्शनातून जन्मले, पुण्याचे एका माणसाच्या ध्यासातून. पण दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच आहे. मोडीत जाणारी वस्तू कोणीतरी वेळीच उचलून ठेवली.

आपल्यासाठी बोध

भायखळ्याच्या दालनात मला एक गोष्ट खटकली. बहुतेक वस्तूंच्या पाट्यांवर ठिकाण, काळ आणि सामग्री असते. करणाऱ्याचे नाव नसते. हा या एका संग्रहालयाचा दोष नव्हे. जगभर आलंकारिक कलांच्या संग्रहालयांत हेच दिसते. चित्रकाराने चित्रावर सही केली. तांबटाने, विणकराने आणि कुंभाराने ती केली नाही किंवा त्यांना कोणी ती विचारली नाही. त्या काळी नाव लिहून ठेवले असते तर ते आज कळले असते. आता ते शोधून सापडणार नाही.

सोलापुरात मात्र अजून वेळ आहे. आपले शहर लुगड्यांचे आणि चादरीचे. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे. त्या चादरीवरचा मोर किंवा फूल ज्या यंत्रणेने उमटते, ती फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास पुढे आणली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कोणता उभा धागा उचलायचा ते भोक ठरवते. माझे वडील अशाच मागावर काम करतात. महाविद्यालयात येणारी आमच्या घरातील मी पहिली. पण ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी हे शब्द मला कोणत्याही पुस्तकाच्या आधी ठाऊक होते. आलेख-कागदावर नक्षी मांडणारे, पुठ्ठ्यांना भोके पाडणारे आणि हातमाग जुळवणारे वयस्क कारागीर आपल्या पेठांत आहेत. त्यांच्यातील अनेकांची मातृभाषा तेलुगू आहे. त्यांचे शब्द वेगळे आहेत. नवी यंत्रे येतात तसे जुने पुठ्ठे रद्दीत जातात आणि लाकडी माग सरपणात.

मुंबईसारखी वास्तू उभारणे आपल्या आवाक्यातले नाही, हे मान्य. परंतु ज्या संग्रहालयाविषयी आपण वाचले, तेही आरंभी बरॅक्समधील एका जागेतच होते. आपल्या इतिहास विभागाने एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ केला तरी पुष्कळ होईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पेठेतील एका कारागिराला भेटावे आणि नक्षीचा एक कागद, पुठ्ठ्यांची एक माळ, एक धोटा मागून आणावा. वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे त्याच्या भाषेतील नाव, ती वापरण्याची रीत आणि त्या माणसाचे पूर्ण नाव. तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबईच्या काचकपाटात जो रकाना रिकामा राहून गेला, तो आपल्याला भरता येण्यासारखा आहे. माझ्या वर्गातील तिघींनी या सुटीत साखर पेठेपासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे; ज्यांना आमच्याबरोबर यायचे असेल त्यांनी जरूर यावे.